रॅथालोसला टेबलावर कसं आणू? (डी अँड डी, पाचव्या लेव्हलची पार्टी)

सांगलीचा_बार्ड

नमस्कार मंडळी. हॉस्टेलवर आमचा डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर फाशांनी खेळायचा गोष्टीचा खेळ) ग्रुप आहे आणि डीएमची, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणाऱ्याची, माळ माझ्या गळ्यात आहे. २०१४ ची फिफ्थ एडिशन खेळतो, कारण सीनियर जाताना तीच पुस्तकं ठेवून गेले. पार्टी पाच जणांची, सगळे पाचव्या लेव्हलवर: ग्रेटॲक्सवाला बार्बेरियन, मेसवाली क्लेरिक, रेपियरवाला रोग, लाँगबोवाली रेंजर आणि एक विझार्ड, जो दर सेशनला चहा सांडतो.

पाचातले तिघे मॉन्स्टर हंटर वर्ल्ड हा व्हिडिओ गेम खेळलेत. मीही. त्यामुळे परीक्षा संपल्यावरच्या मोठ्या सेशनला त्यांच्यासमोर रॅथालोस, म्हणजे त्यातला आग ओकणारा लाल उडता ड्रॅगन, उभा करायचा माझा बेत आहे. त्यांनी त्याला स्क्रीनवर भरपूर वेळा मारलाय, म्हणून ओळख पटली की टेबलावर आरडाओरडा होणार हे नक्की. पण ओळख पटवायला नुसतं नाव आणि चित्र पुरत नाही ना. तो वागलाही रॅथालोससारखा पाहिजे.

कच्चा स्टॅट ब्लॉक (राक्षसाचे आकडे) लिहिलाय: एसी (घाव लागायला फाशांवर गाठायचा आकडा) १८, एचपी (जीव) ४२०, आणि गेममधले सगळे हल्ले. चावणं, धावत येणं, शेपटी फिरवणं, तीन प्रकारचे आगीचे गोळे, हवेतून विषारी नखं मारणं, डरकाळीने कान बधिर करणं, असे अकरा प्रकार झालेत. अडतंय ते इथे:

गेममध्ये खरी मजा डॉज मारण्यात आहे. त्याने मान मागे घेतली की आपण लोळण घ्यायची. डी अँड डीत डॉज ॲक्शन आहे, पण ती घेतली की टर्न गेला, म्हणून कुणी घेत नाही. मग हे कसं आणायचं? शेपटी तोडणं हवंच आहे, पण एकेका अवयवाला वेगळी एचपी द्यायची का? विषाचा मीटर कसा भरायचा? आणि तो उडाला की बार्बेरियनने खाली उभं राहून आकाशाकडे बघायचं का?

कुणी व्हिडिओ गेममधले राक्षस असे टेबलावर उतरवले असतील तर सांगा.

पोथीनिष्ठ

स्पष्ट बोलतो, राग नसावा. मॉन्स्टर मॅन्युअल, म्हणजे डी अँड डीचं राक्षसांचं पुस्तक, उघडा, त्यात वायव्हर्न (दोन पायांचा उडता ड्रॅगन) आहे, यंग रेड ड्रॅगन आहे. ते वापरा. जॉयस्टिकच्या खेळातली जनावरं टेबलावर आणली की मुलं कॅरेक्टर विसरतात आणि "अरे ह्याचा तो मूव्ह आला" करत बसतात. दोन वेगळे खेळ आहेत, वेगळे राहू द्या.

डोंबिवलीचा_गॉब्लिन

पोथीनिष्ठ काका, मॉन्स्टर मॅन्युअल उघडाच. आऊलबेअर, रस्ट मॉन्स्टर आणि बुलेट हे तिघे कुठून आले माहितीये? हाँगकाँगच्या स्वस्त प्लास्टिक खेळण्यांच्या पाकिटातून. डी अँड डी रचणाऱ्या गॅरी गायगॅक्सने टेबलावर ठेवायला ती चित्रविचित्र जनावरं घेतली आणि मग त्यांना नियम लावले. आणि देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चाललेली आहे. १९८७ च्या पहिल्या फायनल फँटसीत बिहोल्डरसारखा डोळा आहे, माइंड फ्लेअर आहे, सहा हातांची मॅरिलिथ आहे, टियामॅट आहे. जपानी गेमांनी आपल्याकडून नेलं ते आता थोडं परत आणतोय असं समजा.

आता बार्डा, तुझ्याकडे येतो. माझं टेबल रविवारी सोसायटीच्या ऑफिसात भरतं, आणि माझा पॅलाडिन बँकेत ऑडिटर आहे. तो प्रत्येक एचपीचा हिशेब मागतो, त्यामुळे ह्या विषयावर मला बरीच डोकेफोड करावी लागली आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. मॉन्स्टर हंटरमध्ये एका शिकारीला पन्नास मिनिटं मिळतात. तेवढ्यात तो शेपटी कितीतरी वेळा फिरवतो, आणि चौथ्या-पाचव्या वेळी तुझ्या बोटांना ते कळायला लागतं. टेबलावर बहुतेक मारामाऱ्या तीन-चार राउंडमध्ये आटपतात. राउंड सहा सेकंदांचा. म्हणजे तुझ्या रॅथालोसला जन्मभरात चार टर्न मिळणार आहेत! चार टर्नमध्ये अकरा हल्ले दाखवायचे कसे? आणि दाखवलेस तरी प्रत्येक एकदाच दिसणार, मग खेळाडूंनी त्यातून शिकायचं काय? तीन ठेव. तीनच. चाव-नखं, शेपटी, आगीचा गोळा. डरकाळी वर्णनात घाल, तिला फासे नकोत.

४२० एचपीचंही तेच. गेममध्ये त्याची एचपी हजारोंत असते कारण तिथे दर सेकंदाला घाव बसतात. इथे ४२० म्हणजे दोन तास "लागला, सात डॅमेज, पुढचा कोण". डीएमजीत (डीएमच्या पुस्तकात) सीआरप्रमाणे (राक्षस किती भारी त्याचा आकडा) आकड्यांचा तक्ता आहे तो बघ. सीआर ७ ला एसी १५, एचपी १६१ ते १७५, राउंडला ४५ ते ५० डॅमेज. पाचव्या लेव्हलच्या पाच जणांना हार्ड (अवघड मारामारी) ३७५० एक्सपीला (राक्षस मारल्याचे गुण) सुरू होतं, डेडली (जीवघेणी) ५५०० ला. सीआर ७ चे २९०० आणि सीआर ८ चे ३९००. त्याच्या आसपास राहा.

कोऱ्या कागदावर लिहू नकोस. काका म्हणतात तो वायव्हर्न घे (बघा काका, तुमचंही ऐकतो). सीआर ६, एसी १३, एचपी ११०, उडण्याचा वेग ८० फूट. त्याला एसी १५ आणि एचपी १५० कर. चावा २डी६+४ (सहा बाजूंचे दोन फासे, अधिक ४), नखं २डी८+४ तशीच राहू देत, सरासरी ११ आणि १३. डंख काढून टाक. शेपटी लेजेंडरी ॲक्शन म्हणून दे, राउंडला दोनदा, इतरांच्या टर्नच्या शेवटी, २डी८+४. हिशेब बघ: २४ स्वतःच्या टर्नला, २६ शेपटीचे, झाले ५०. तो उडतो आणि लांबून मारतो म्हणून डीएमजी त्याची एसी दोनने जास्त धरायला सांगते. एकूण सीआर ७ ला बसतो. ऑडिटर पास.

लेजेंडरी ॲक्शन एवढ्यासाठी, की पाच विरुद्ध एक असताना तुझ्या राक्षसाला एक टर्न आणि त्यांना पाच. एकटा बॉस बहुतेक वेळा इथेच मरतो, एचपी कमी म्हणून नाही.

आता शेपटी. तिला वेगळी एचपी द्यायची असेल तर एक सापळा लक्षात घे. शेपटीवर मारलेला घाव अंगाला लागत नसेल, तर शेपटीवर मारणं म्हणजे घाव वाया घालवणं. हिशेबी खेळाडू ते कधीच करणार नाही. म्हणून घाव दोन्हीकडे मोज, शेपटीतून आणि एकूण १५० मधूनही, जसं गेममध्ये होतं. त्याची किंमत म्हणून शेपटीची एसी १७ ठेव. शेपटीला ४० एचपी, आणि त्यात फक्त स्लॅशिंग (कापणारं) डॅमेज धरायचं. तुझा बार्बेरियन दोन्ही घाव लागले तर टर्नला पंचवीसच्या आसपास काढेल, म्हणजे दोन चांगल्या टर्न. रोगच्या रेपियरने शेपटी तुटणार नाही, रेपियर भोसकते. क्लेरिकची मेसही कामाची नाही, तिला डोकं दे: एका राउंडमध्ये डोक्यावर १५ ब्लजनिंग (ठेचणारं) बसलं की पुढच्या टर्नपर्यंत लेजेंडरी ॲक्शन बंद, गेममध्ये हातोडेवाले त्याला गरगरवतात तसं. डी अँड डीत स्लॅशिंग, पिअर्सिंग, ब्लजनिंग हा फरक एरवी कॅरेक्टर शीटवर धूळ खात पडलेला असतो. इथे त्याला पहिल्यांदा काम मिळतं.

आणि शेपटी तुटली की २६ डॅमेज एका झटक्यात कमी. निम्मा राक्षस गेला. हे त्यांना दिसलं पाहिजे. अवयव तोडणं म्हणजे शोभेचं काम असेल तर कुणी करणार नाही.

हे सगळं घरचं नाहीये बरं का. मॉन्स्टर मॅन्युअलमधल्या हायड्राचं एक डोकं एका टर्नमध्ये २५ डॅमेज बसलं की मरतं. रोपरच्या प्रत्येक सोंडेला एसी २० आणि १० एचपी असते. पुस्तकवाल्यांनी दोन वेगळ्या पद्धती दिल्याच आहेत.

डॉजचं काय, तर बोटांचं काम टेबलावर येऊच शकत नाही. येतो तो निर्णय. गेममध्ये तुला अर्धा सेकंद आधी कळतं की तो काय करणार आहे. इथे एक पूर्ण राउंड आधी कळू दे. टर्नच्या शेवटी रॅथालोस ३० फूट वर उचलला जातो, छाती आतून लाल दिसायला लागते, आणि तू नकाशावर २० फूट त्रिज्येचा कागदी गोल ठेवतोस. खराखुरा कागद, कापून आणलेला. पुढच्या टर्नच्या सुरुवातीला तिथे गोळा पडणार, डेक्स सेव्ह (चपळाईने वाचायचा फासा) डीसी १५ (निदान एवढा आकडा हवा), ८डी६. सरासरी २८, म्हणजे विझार्डच्या फायरबॉलएवढंच. पाचव्या लेव्हलच्या विझार्डची एचपीही साधारण तेवढीच असते, म्हणून चहा बाजूला ठेवून तो पळेल. गोळा टाकला त्या टर्नला चाव-नखं नाहीत.

ह्याने काय होतं बघ. प्रत्येकाला एक टर्न मिळतो आणि प्रश्न पडतो: पळू, का गोलातच उभं राहून आणखी एक घाव घालू? बेशुद्ध क्लेरिक गोलात पडलीये, तिला ओढायला कोण जाणार? डॉज ॲक्शनने हे कधीच होणार नव्हतं. शिवाय आधी सांगून मारतोस म्हणून तू जोरात मारू शकतोस, खेळाडूला तक्रार करायला जागा नाही. माझा ऑडिटरसुद्धा गप्प बसतो.

उडण्याबद्दल नंतर लिहितो, पाणी आलंय, टाकी भरायचीये.

सांगलीचा_बार्ड

दादा, कमाल. चार टर्नची गोष्ट वाचून मी सात हल्ले तिथल्या तिथे खोडले. आठवा खोडताना जीव तुटला.

विषाचं राहिलं. आणि घाव दोन्हीकडे मोजायचे तर मला दोन-दोन आकडे सांभाळावे लागणार. ते जमेल, पण त्यात पाच जणांचे विषाचे मीटर आले तर मीच बेशुद्ध पडेन.

ठिपक्यांची_मांजर

मी वेगळ्याच गावची आहे, पण लिहिते. माझ्या टेबलावर माझा भाचा आणि त्याचे पाचवीतले मित्र असतात, आणि त्यांना ड्रॅगन-बिगन काही नको, क्रीपर हवा. माइनक्राफ्टचा. डी अँड डी काढणाऱ्या विझार्ड्सवाल्यांनी २०२३ मध्ये माइनक्राफ्टच्या प्राण्यांचं एक छोटं मोफत संकलन काढलं होतं, पण मुलांना ते वाचून दाखवायच्या आधीच मी माझा क्रीपर केला होता, आणि तो मुलांना जास्त आवडतो.

गॉब्लिन दादा म्हणतात तेच, आधी सांगून मारायचं. माझा क्रीपर चालत जवळ येतो आणि "फुस्स्स्" करतो. ते मी तोंडाने करते. मग पुढच्या टर्नला दहा फुटांच्या आत कुणी असेल तर फुटतो, सगळे लांब पळाले तर फुस्स थांबतं आणि तो परत मागे लागतो. एवढाच नियम. एचपी ७. मारायला अगदी सोपा, पण "फुस्स्" ऐकल्यावर पाचवीतलं एकही मूल उभं राहत नाही, टेबलाखाली जातात. मांजर जवळ असेल तर क्रीपर फिरकत नाही, ते गेममध्येही आहे. त्यामुळे पहिल्याच सेशननंतर सगळ्यांनी आपापल्या पैशांनी मांजर विकत घेतली. एकाने घोडा विकून घेतली.

(जाता जाता: क्रीपर मुळात डुक्कर व्हायचा होता. डुकराचं मॉडेल करताना लांबी आणि उंचीची अदलाबदल झाली आणि हे उभं ध्यान तयार झालं.)

त्याहून भारी एंडरमॅन. त्याच्याकडे थेट बघितलं की तो चिडतो. टेबलावर मुलं काय म्हणतात दर मिनिटाला? "मी बघतो." दार आलं, मी बघतो. खोली आली, मी बघतो. एंडरमॅन असलेल्या खोलीत मी फक्त विचारते, "कुठे बघतोस?" आणि शांतता पसरते. मग "मी जमिनीकडे बघत चालतो", "मी डोक्यावर भोपळा घालतो" सुरू. भोपळा चालतो, गेममध्येही चालतो. ह्या राक्षसाला मी एचपी लिहिलीच नव्हती, आणि अजून लागली नाहीये.

पोथीनिष्ठ

मांजरताई, एंडरमॅन आवडला, मान्य. पण बार्डाची अडचण खरी आहे. विषाचे मीटर, शेपटीची वहीखाते, डोक्याची वेगळी नोंद. कॉम्प्युटर हे फुकटात करतो, माणसाला पेन्सिल लागते. पुस्तकातला बॅसिलिस्क बघा. कुठे मीटर आहे? तरी माणूस दगड होतोच ना.

डोंबिवलीचा_गॉब्लिन

काका, तुम्ही माझ्या तोंडचं काढलंत. बॅसिलिस्कला मीटर आहे, फक्त दोन घरांचा आहे. पहिली सेव्ह हुकली की अंग जड होतं, रिस्ट्रेन्ड. पुढच्या टर्नच्या शेवटी दुसरी हुकली की दगड. मीटर भरण्याची जी धाकधूक असते ती त्या मधल्या टर्नमध्ये आहे, आणि त्यासाठी शंभर घरं लागत नाहीत.

डार्क सोल्स गेममधला बॅसिलिस्क आठवतोय का कुणाला, २०११ चा? गटारातलं ते बेडकासारखं, मोठ्ठे डोळे दिसतात ते खोटे, खरे डोळे त्याखाली बारीकसे. राखाडी धूर सोडतो, धुरात उभं राहिलं की मीटर भरतो, भरला की तिथेच मेलास. आणि पुन्हा उठलास की जास्तीत जास्त एचपी निम्मी. शाप उतरवेपर्यंत तसंच फिरायचं. मी तो टेबलावर आणला होता. धुराचा ढग १० फुटांचा, त्यात टर्न संपवला की एक चिंचोका. दुसरा चिंचोका मिळाला की कॉन सेव्ह (तब्येतीचा फासा), हुकली की मॅक्स एचपी निम्मी, रिमूव्ह कर्स मिळेपर्यंत. मरण नाही दिलं. गेममध्ये मेलं की बॉनफायरवर उठतो, माझ्या टेबलावर मेलं की दीड वर्ष सांभाळलेलं कॅरेक्टर जातं आणि पुढच्या रविवारी एक खुर्ची रिकामी राहते. हा फरक शिक्षेचा आकार ठरवताना धरावाच लागतो. रिमूव्ह कर्स तिसऱ्या लेव्हलचा स्पेल, तो पाचव्या लेव्हलच्या क्लेरिकला येतो, पण तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट दोनच. कुणासाठी वापरायचे ह्यावर माझ्याकडे अर्धा तास भांडण झालं.

चिंचोके का, तर ते खेळाडूसमोर पडतात. हिशेब तू ठेवायचाच नाही. ज्याच्यासमोर चिंचोका, त्याने तो सांभाळायचा. आमच्याकडे सागरगोटे, कॅरमच्या सोंगट्या, सगळं झालं, पण चिंचोका टाकताना लाकडावर जो आवाज होतो त्याने माणूस दचकतो.

रॅथालोसला हेच कर. नखं लागली, एक चिंचोका. दुसरा मिळाला की कॉन सेव्ह डीसी १३, नाहीतर पॉइझन्ड आणि दर टर्नला २डी६. अँटिडोट प्यायला की चिंचोके परत. दोनच्या पुढे जाऊ नकोस, चार टर्नमध्ये एकाच माणसाला तीनदा नखं लागणारच नाहीत.

उडणं. हा खरा कठीण भाग, कारण उडणाऱ्या राक्षसाशी मारामारी म्हणजे रेंजर खेळते आणि बाकीचे मोबाइल बघतात. गेममध्ये ह्यावर फ्लॅश पॉड (डोळे दिपवणारे) आहेत, तेच आण. गावातल्या वैदूकडे काजव्यांसारख्या किड्यांच्या कुप्या आहेत, तीन. तो ३० फुटांवर थांबून छाती लाल करतो तेव्हा त्याची नजर एका जागी असते. तेव्हाच कुणीही ॲक्शन खर्चून कुपी फेकायची, त्याने कॉन सेव्ह डीसी १४ करायची. हुकला की आंधळा होऊन खाली: ३डी६ पडण्याचे, प्रोन (आडवा), आणि गोळा विरला. दहा फुटांना १डी६ हा पुस्तकातलाच नियम. त्याला लेजेंडरी रेझिस्टन्स देऊ नकोस. पुस्तकातले मोठे ड्रॅगन दिवसातून तीनदा हुकलेली सेव्ह यशस्वी करून घेतात, ते इथे दिलंस तर तीन कुप्या गेल्या पाण्यात आणि पोरांचे चेहरे बघवणार नाहीत.

आणि एक: निम्मी एचपी गेली, म्हणजे ७५, की तो घरट्याकडे उडून जातो. लंगडत पळणारा राक्षस ही मॉन्स्टर हंटरची खरी सही आहे. आता पार्टीने ठरवायचं. लगेच पाठलाग करायचा, जखमा तशाच घेऊन? का तासभर शॉर्ट रेस्ट घ्यायची? घेतली तर तोही झोपतो आणि ३० एचपी भरून काढतो. गेमच्या एन्शंट फॉरेस्टमध्ये त्याच्या घरट्यावर पाणी तुंबलेलं असतं, फोडलं की सगळं धुऊन निघतं, आठवतं ना? तेही ठेव. ज्या तिघांनी गेम खेळलाय ते बांध शोधायला धावतील. शोधू दे. काका ह्याला मेटागेमिंग (खेळाडूला माहीत ते कॅरेक्टरने वापरणं) म्हणतील. मी म्हणतो, त्या गावच्या शिकाऱ्यांना हे ठाऊक असायलाच हवं. ज्या दोघांना माहिती नाही त्यांच्यासाठी वाटेत खुणा टाक: जळलेल्या झाडाची एकच बाजू काळी, झाडाला अडकलेला खवला, एका गुराख्याची सुजलेली हिरवी मांडी.

वऱ्हाडी_वॉरलॉक

लंबं झालं, पण मस्त झालं राजेहो. माझी दोन पैशांची भर. सगळेच राक्षस मारायला नसतात. लेफ्ट फोर डेडमधली विच (२००८) आणून पाहा. अंधारात बाईचं रडणं ऐकू येते. उजेड मारला नाही, जवळ गेलं नाही, आवाज केला नाही, तर ती तशीच रडत बसते. छेडलं तर एका फटक्यात एक जण आडवा. मी तिचा ब्लॉक बनशी वरून केला अन् पार्टीला सांगितलं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला दार आहे. चाळीस फूट चालायला त्यांनी पाऊण तास लावला. पॅलाडिनने आर्मर काढून ठेवलं, स्टेल्थला (लपून चालायला) डिसॲडव्हान्टेज नको म्हणून. नंतर पलीकडे गेल्यावर आठवलं का आर्मर अलीकडेच राहिलं.

आणखी एक, जागा विसरू नका. पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा गेम "राजी" (२०२०) खेळले असाल तर आठवा, त्यात राजी खांबाला लटकून फिरते, भिंतीवर धावत जाते, अन् मारते. तो मैदानच अर्धं हत्यार आहे. रॅथालोसच्या नकाशावर झाडं, कडे, वेली ठेवा, नाहीतर सपाट मैदानात सगळे त्याच्या पायाशी उभे राहून ठोकत बसतील.

सांगलीचा_बार्ड

सगळ्यांचे आभार. आता असं ठरलंय: एसी १५, एचपी १५०, तीन हल्ले, दोन लेजेंडरी ॲक्शन, शेपटी एसी १७ आणि ४०, कुप्या तीन, ७५ ला पळतो. नकाशात झाडांचे दोन मजले केलेत. रूममेटच्या आईने चिंचोके पाठवलेत, चिंचेसकट, त्यामुळे ते आधी खाणं चालू आहे.

दोन प्रश्न उरले. शेपटीची एचपी खेळाडूंना सांगायची का? आणि हे सगळं नीट टाइप करून इंटरनेटवर टाकलं तर चालेल का? ज्युनियर मागताहेत.

डोंबिवलीचा_गॉब्लिन

दुसरं आधी. ज्युनियरांना झेरॉक्स दे, त्याला कुणी विचारत नाही. जाहीर टाकायचं असेल तर रॅथालोस हे नाव, त्याचं चित्र, त्याचं वर्णन मॉन्स्टर हंटरवाल्या कॅपकॉमचं आहे, ते काढ. उरतो तो लाल वायव्हर्न, आणि वायव्हर्न एसआरडीत (डी अँड डीच्या नियमांचा खुला संच) आहे. एसआरडी ५.१ जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुलं आहे, श्रेय दिलंस की त्यावर बांधकाम करता येतं. नवं नाव ठेव. "सांगलीचा तांबडा" ठेवलंस तरी हरकत नाही.

शेपटीचा आकडा सांगू नकोस, खुणा सांग. १० गेले की खवले उडाले. २० ला मांस दिसलं. ३० च्या पुढे शेपटी नीट उचलली जात नाहीये, जमिनीवर घासतेय. एवढं ऐकल्यावर बार्बेरियन दुसरीकडे घाव घालणार नाही. आणि तुटली तर तुटलेली शेपटी टेबलावर तशीच पडू दे, कुणी ती सोलायला ॲक्शन खर्च करतो का बघ. केली तर त्यातून ढालीपुरते खवले दे: दिवसातून एकदा, आगीचा घाव निम्मा. मारामारी चालू असताना सोलणारा एक जण प्रत्येक पार्टीत असतो, तुझ्याकडे मला रोगवर संशय आहे.

हो, आणि क्लेरिकला सेशनच्या आधी बाजूला घेऊन डोक्यावर मारायचं सुचवू नकोस. वैदूकडून सुचव. कुप्या विकताना तो म्हणेल, "आमच्या आजोबांनी एकदा त्याला मुसळाने लोळवला होता."

पोथीनिष्ठ

मुसळ म्हणजे ग्रेटक्लब, १डी८, दोन हातांनी. तिची ढाल जाईल. क्लेरिकला मेसच बरी, १डी६, पण मग एका राउंडमध्ये १५ ब्लजनिंग एकटीने काढणं तिला जमणार नाही. बार्बेरियनने एक टर्न कुऱ्हाड ठेवून हातोडा उचलावा लागेल, किंवा डोक्याची मर्यादा १० करा.

डोंबिवलीचा_गॉब्लिन

१० करा. काकांचं बरोबर आहे.